बंद करतानाचं उत्तर

हे १९८६ सालचं. मार्चात किरगिझियाच्या राजधानीत, फ्रुंझेच्या रस्त्यांवर बर्फाचा चिखल झाला होता, आणि मॉस्कोहून तपासणी समिती यायला एकच दिवस उरला होता. आमची इंजिनियर सायकाल माझ्या टेबलाशी आली नि म्हणाली, "रायकान, कोक-ताश ठाण्याच्या अकरा, बारा, तेरा तारखेच्या चिठ्ठ्या काढ बरं."

डोंगरातल्या चौदा ठाण्यांवरून रोज सकाळी आमच्या हवामान केंद्रात वायरलेसवर आकडे यायचे. बर्फ किती पडला, तळ्याचं पाणी किती चढलं. मी ते चिठ्ठीवर उतरवून संगणकात भरायची आणि सायकालचा प्रोग्राम ते डिस्कवर लिहायचा. फाइली कशा ठेवायच्या, कशा शोधायच्या, हे सगळं तिनं सहा वर्षं खपून लिहिलं होतं. समितीनं पसंत केला तर तो सगळ्या डोंगराळ प्रजासत्ताकांत जाणार होता, नारीन शहरच्या एका ट्रक ड्रायव्हरच्या मुलीच्या, सायकालच्या नावानं. आमच्या केंद्रातल्या झाडूवालीलासुद्धा ते ठाऊक होतं.

मी चिठ्ठ्या दिल्या. तिन्हींवर माझ्याच हातची खूण होती, "भरलं". छपाई यंत्रातून निघालेल्या कागदावर प्रोग्रामचं उत्तरही होतं, "लिहिलं". डिस्कवर मात्र त्या तीन दिवसांच्या जागी काहीच नव्हतं.

मला वाटलं, माझंच चुकलं. ती म्हणाली, नाही. दुपारभर तिनं प्रोग्रामचे कागद उलटले. मग मला बोलावून एका ओळीवर पेन्सिल टेकवली.

यंत्र आकडे लगेच डिस्कवर लिहीत नाही, आधी आपल्यापाशी साठवतं आणि फाइल बंद करताना उरलेलं सगळं उतरवतं. डिस्कनं नकार दिला तर तो कधी कधी त्या वेळीच कळतो. सायकालनं प्रत्येक आकडा लिहिताना डिस्कला 'उतरलं का' विचारलं होतं. बंद करताना विचारलंच नव्हतं. डिस्क नाही म्हणाली होती. ऐकायला कुणी नव्हतं.

"माझे वडील लोकांची अमानत न्यायचे," ती म्हणाली. "कुणाची औषधं, कुणाच्या मुलीचे बूट. घाट उतरून घरात पोचते केले की परत येऊन सांगायचे, पोचलं. माझ्या प्रोग्रामनं गाठोडं ट्रकमध्ये टाकलं आणि तिथूनच पोचलं म्हणून ओरडला."

आमचे प्रमुख जूमार्त बाइके. बाइके म्हणजे थोरले भाऊ, आणि ते तसेच वागायचे. आधीपासून ते सायकालच्या प्रोग्रामला सासू म्हणायचे, पावलापावलाला 'झालं का, झालं का' विचारते म्हणून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दार लावलं आणि सांगितलं, की चिठ्ठ्या आहेत, रायकान संध्याकाळपर्यंत आकडे भरून टाकेल, समिती गेल्यावर ती ओळ दुरुस्त कर.

"भरून घेते," ती म्हणाली. "पण समितीला सांगते."

"सहा वर्षं, पोरी. तुझी एकटीची नाहीत ती."

मला तेव्हा बाइकेंचंच पटलं होतं, हे आज कबूल करते.

दुसऱ्या दिवशी चहा झाला, बोर्सोक म्हणजे तळलेले पिठाचे गोळे खाऊन झाले, प्रोग्राम दोन तास न अडखळता चालला. समितीचे प्रमुख ल्येव इग्नात्येविच, वाळक्या अंगाचे, कान टोपीत झाकून बसलेले. त्यांनी सहीसाठी पेन काढलं, तेव्हा सायकाल उठली आणि कोक-ताशचे तीन दिवस त्यांच्यापुढे मांडले.

त्यांनी कागद दोनदा वाचला. "हे बाहेर कुणाच्या लक्षात आलं होतं का?"

"नाही."

"मग सांगता कशाला?"

"पुढच्या वेळीही कुणाच्या लक्षात येणार नाही, म्हणून."

त्यांनी पेन खिशात ठेवलं. बाइके खिडकीबाहेर बघत राहिले. दोन महिन्यांनी पत्र आलं, की दुसऱ्या शहराचा प्रोग्राम निवडला आहे.

सायकाल त्या पत्रावर रडली असेल तर मला दिसली नाही. मला दिसलं ते हे, की तिनं प्रोग्रामचे सगळे कागद व्हरांड्याच्या भिंतीवर चिकटवले आणि लाल पेन्सिल घेऊन एका टोकाला उभी राहिली. डिस्क उत्तर देते अशा दोनशे चौदा जागा निघाल्या. एकतीस ठिकाणी ते उत्तर कुणी ऐकत नव्हतं. पाच आठवडे ती त्या भिंतीशी होती. नुसतं ऐकून थांबली नाही, नकार आला तर पुढे काय, हेही प्रत्येक जागी लिहिलं. नवी फाइल नीट उतरल्याशिवाय जुनी पुसायची नाही. आकडा हातचा सोडायचा नाही. आणि छापून सांगायचं, "लिहिलं गेलं नाही".

असा कागद निघाला, की ती स्वतः वायरलेसपाशी जायची. "कोक-ताश, मी सायकाल. कालचा आकडा पुन्हा सांगा, दादा. आमच्याकडून हुकला." चूक कधी ठाण्याची म्हणाली नाही. त्यानंतर आमच्या केंद्रात एकही दिवस हरवला नाही, बारा वर्षं. हे मी छातीवर हात ठेवून सांगते, कारण भरणारी मी होते.

जूमार्त बाइके देश फुटल्यावर बाजारात चिनी थर्मास विकायला बसले आणि तिथेच म्हातारे झाले. ल्येव इग्नात्येविच मुलाकडे परदेशी गेले, पुढचं माहीत नाही. आमचं यंत्र १९९८ साली मोडीत काढलं. मी निवृत्त झाले, गुडघे गेले, डोळे आहेत. सायकाल शेवटपर्यंत साधी इंजिनियर राहिली आणि २०१७ च्या हिवाळ्यात गेली.

तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला सात अनोळखी म्हातारे आले. उन्हानं रापलेले, फेल्टच्या टोप्या घातलेले. डोंगरातल्या ठाण्यांवरचे होते, वायरलेसवर तिचा नुसता आवाज ऐकलेले, दोघे तर आदल्या दिवशीच निघालेले. त्यांच्यासाठी जेवणाचा आणखी एक दस्तरखान अंथरावा लागला. जेवणं झाल्यावर त्यांच्यातला एक भिंतीवरच्या, केंद्रातल्या सगळ्यांच्या फोटोपुढे बराच वेळ उभा राहिला. मग माझ्याजवळ येऊन थोरल्या बहिणीला विचारावं तसं त्यानं हळूच विचारलं, "एजे, ह्यातली सायकाल कोणती?"

मी त्याला फोटोपाशी नेलं आणि त्याचं बोट धरून तिच्यावर ठेवलं.