वाळूवर न पडलेला थेंब

मित्रांनो, मी एक जुनी रबराची रिंग आहे. गाडीवाले मला ऑइल सील म्हणतात. जॉर्डनच्या दक्षिणेकडच्या वाळवंटात, सब्बाह नावाच्या बेदुईन माणसाच्या तंबूच्या मधल्या खांबाला मी टांगलेली आहे. माझी कड झिजली आहे, अंग कडक झाले आहे. असली टाकाऊ वस्तू इथे मानाने कशी लटकते, असे तुम्हाला वाटेल. तीच गोष्ट सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे एका बाईने माझ्या कडेवरून बोट फिरवले आणि मान डोलावली. आयुष्यात माझे कौतुक झाले ते तेवढेच. पुढे मला सब्बाहच्या जीपमध्ये जागा मिळाली. माझ्या एका अंगाला गिअरबॉक्स, दुसऱ्या अंगाला त्याच्या पाठीला जोडलेली ट्रान्सफर केस, म्हणजे चारही चाकांना जोर वाटून देणारी पेटी. गिअरबॉक्सचे तेल लाल आणि पातळ, पेटीतले मधाच्या रंगाचे, दाट. इकडचा थेंब तिकडे जाऊ द्यायचा नाही, हे माझे काम. चौदा वर्षे मी ते चोख केले. पाहुणे टायरांची तारीफ करायचे. मी तर कुणाला दिसतही नव्हते.

पण वाळूचा चढ आणि उन्हाचा ताव कुणाला सोडतो? माझी कड झिजली. लाल तेल थेंबाथेंबाने माझ्यामधून पेटीत उतरू लागले. मला फार वाईट वाटायचे, पण ओरडायला तोंड कुठे होते?

सब्बाह माग काढण्यात पटाईत. हरवलेला उंट कुठल्या पायाने लंगडतो, हे तो वाळू बघून सांगायचा. जीप चढावर घसरू लागली तेव्हा त्याने गिअरबॉक्सची तेल मोजायची पट्टी काढून पाहिली. तेल कमी. त्याने भरले. आठवड्याने पुन्हा कमी! तो गाडीखाली वाळू निरखत बसला. वाळू कोरडी ठणठणीत. तेल सांडले असते तर काळा डाग पडलाच असता. मग त्याला बाजूलाच एक पाऊल दिसले, डावा पाय ओढत गेलेले. आणि गाडीखाली कुणीतरी पाठीवर झोपल्याची खूण.

डावा पाय ओढत चालायचा तो मुतलक, सब्बाहच्या बायकोचा, फिद्दाचा, धाकटा भाऊ. पलीकडच्याच तंबूत राहायचा.

त्या संध्याकाळी सब्बाह चारचौघांत म्हणाला, "माझ्या गाडीचं तेल हल्ली माझा मेहुणा पितो. म्हणून तर एवढा गुळगुळीत बोलतो!"

माणसे खदाखदा हसली. मुतलक उठून निघून गेला.

फिद्दा पीठ मळता मळता नवऱ्याला म्हणाली, "माझा भाऊ चोर नाही."

"पाऊल त्याचंच आहे. वाळू कधी माझ्याशी खोटं बोलली नाही," सब्बाह म्हणाला.

फिद्दा चुलीकडे वळली. त्या रात्री तिची भाकरी करपली.

मित्रांनो, खरी गुन्हेगार मी होते आणि चोर ठरत होता तो भला माणूस. त्या पेटीत मी शरमेने अर्धमेली झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुतलक सब्बाहच्या तंबूत आला. दारी आलेल्याला कॉफी द्यावीच लागते. सब्बाहने दिली. मुतलकने पेला ओठांना न लावता समोर जमिनीवर ठेवला. मागणे मान्य झाल्याशिवाय पाहुणा कॉफी पिणार नाही, असा त्याचा अर्थ. आणि पाहुणा न पिता उठला तर त्या तंबूची अब्रू गेली.

"बोल, काय हवंय?" सब्बाह तुटकपणे म्हणाला.

"दाजी, गाडीची मागची पेटी उघडा."

"तेल कमी होतंय गिअरबॉक्सचं, आणि पेटी कशाला? दात दुखतो तर गुडघा दाखवू?"

"मी गाडीखाली गेलो होतो, खरंय. चढावर तिचं कण्हणं ऐकवेना, म्हणून बघायला गेलो. पेटीच्या डोक्यावरची हवेची नळी तेलाने माखली होती, म्हणजे आत तेल जास्त झालंय. तेच सांगायला येत होतो, तर तुम्ही चारचौघांत माझी थट्टा मांडलीत. आता उघडा. आत काही निघालं नाही, तर उद्या मी माझा तंबू उपटतो."

बाजूला पीठ मळणाऱ्या फिद्दाचा हात तसाच राहिला.

जीप सपाट जागी, थंड होऊन उभी होती. सब्बाहने फिद्दाची पांढरी परात पेटीखाली सरकवली आणि तेल भरायच्या भोकाचा बोल्ट फिरवला. तेल त्या भोकाच्या कडेपर्यंतच असायला हवे. पण बोल्ट निघताच भळाभळा धार लागली. परात भरत गेली, आणि तेल दिसले लाल!

सब्बाहने त्यात बोट बुडवून पाहिले: गिअरबॉक्सचेच तेल, आतल्या आत पेटीत उतरलेले. मग आत येऊन त्याने गार कॉफी स्वतःच्या हाताने ओतून टाकली, गरम भरली आणि उभ्यानेच पेला पुढे केला.

"पाऊल बरोबर ओळखलं रे मी," तो म्हणाला. "तुलाच ओळखलं नाही. आज सगळ्यांना बोलावतो आणि त्यांच्यासमोर हेच सांगतो."

"सांगा. पण आधी ती कॉफी द्या, दाजी, कालपासून घसा कोरडा आहे," मुतलक म्हणाला. फिद्दा रडता रडता हसली.

दोघांनी मिळून पेटी उतरवली आणि माझ्या जागी नवी रिंग बसवली. सब्बाह मला फेकणार होता, पण फिद्दाने मला उचलून पुसले आणि खांबाला टांगले.

मित्रांनो, आतल्या आत झिजणाऱ्यांची वेळीच विचारपूस करा. ती वस्तू असो वा माणूस. माझी कुणी केली असती, तर मुतलकवर चोरीचा आळ आला नसता.

काल एक शेजारी तणतणत आला. "माझा दोर चोरीला गेलाय, आणि कुणी नेला ते मला ठाऊक आहे!" सब्बाहने नाव विचारायला तोंड उघडले, तोच त्याची नजर माझ्यावर गेली.

"बस, कॉफी घे," तो म्हणाला. "मग दोघं मिळून आधी तुझाच तंबू धुंडाळू."