पाणी तोडणारी सून

आमच्या पाहुण्यांना आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं यायची लाज वाटते, रिकाम्या डोक्यानं यायची नाही. माझ्या सासऱ्यांना, बिराप्पामामांना, लकवा मारला आणि आम्ही त्यांना दवाखान्यात ठेवलं, तर दुसऱ्याच दिवशी कॉटखाली शहाळ्यांचा ढीग लागला.

डॉक्टरांनी आमच्या ह्यांना आणि मला समोर उभं करून सांगितलं होतं. मेंदूची नस बंद झाल्यामुळं गिळायची ताकद गेली आहे, तोंडानं पाणी दिलं तर ते पोटात न जाता छातीत उतरेल, लागेल तेवढं पाणी सलाईनमधून चाललंय. सिस्टरनं चमचाभर पाजून बघितलं होतं, तेव्हा मामांना लागलेला ठसका आम्ही दोघांनी पाहिला होता.

पण तहान कुणाचं ऐकते? वाकडं झालेलं तोंड हलवून मामा सारखे "पा... पा..." करायचे. मी ओला कापूस ओठांवरून फिरवायची. एकदा त्यांनी तो दातांत धरला, सोडेनात. मला रडू आवरेना. जन्मभर रानोमाळ मेंढरं हिंडवलेला माणूस. आधी कळपाला पाजायचं, मग आपण प्यायचं, हा त्यांचा नेम.

मग ईट गावाहून मामांची थोरली बहीण, गजराआत्या, आल्या.

"मेंढरास्नी पाजल्याबिगर माझ्या भावानं कदी घोट घेतला न्हाय, आन तू त्याला पान्यावाचून मारती व्हय?"

"आत्या, सलाईन चालू हाय की. पानीच हाय त्यात."

"हातातनं कुनाची तहान भागती गं?"

सगळा वॉर्ड माझ्याकडं बघायला लागला. मलाही राग आला. मी कॉटखालची शहाळी उचलून आजूबाजूच्या नातेवाइकांना वाटून टाकली. आत्यांनी ते मनात धरलं.

दुसऱ्या दिवशी औषध आणायला मला खाली जावं लागलं. ह्यांना बजावलं, कुणाला काही पाजू देऊ नका. परत आले तर मामा खोकून खोकून निळे पडलेले, आत्यांच्या हातात तांब्या, आणि हे पायथ्याशी खाली मान घालून उभे.

"घटाघटा प्याला बग," आत्या म्हणाल्या. "किती तहानला हुता माझा भाऊ!"

मी ओरडून सिस्टरला बोलावलं. तिनं धावपळ केली, नळी घालून घसा साफ केला. पण संध्याकाळी ताप भरला आणि छाती घरघरू लागली. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुणी दिलं? हे म्हणाले, आत्यानं. एवढं एकदाच खरं बोलले. मामा त्यातून उठले नाहीत. लकव्यातून वाचत आलेला माणूस मायेच्या तांब्यानं गेला.

तिसऱ्याला नैवेद्य ठेवला, तर कावळा शिवेना. ऊन चढलं. आत्यांनी डोळ्याला पदर लावला.

"तहानलेला जीव हाय. ज्यानं पानी तोडलं, त्यानं हात जोडावं."

सगळी भावकी माझ्याकडं वळली. मी ह्यांच्याकडं बघितलं. डॉक्टर काय म्हणाले ते ह्यांनी ऐकलं होतं, तांब्याही ह्यांनीच बघितला होता. एक वाक्य बोलले असते तर भागलं असतं. हे माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "वर्षा, चुकलं म्हन. लोकं ताटकळल्यात."

मी हात जोडले. "मामा, चुकलं माझं."

थोड्या वेळानं कावळा आला. कावळ्याला भूक लागली की तो येतोच. पण बायकांनी एकमेकींकडं बघून माना हलवल्या. आत्यांना तर दोघींनी धरून सावलीत नेलं, शेवटचं पाणी पाजणारी बहीण म्हणून.

घरी आल्यावर ह्यांनी दार लोटलं.

"मला ठावं हाय, तुजी चूक न्हवती."

"मग तितं का बोलला न्हाईत?"

"आत्या म्हातारी हाय. तिला सोसलं नसतं."

"आन मला?"

"तुजं काय, तू समजदार हायस," हे म्हणाले, आणि जेवायला वाढायला सांगितलं.