तिकडे रात्रपाळी नसते

“तिथे माणसं एकमेकांना ओळखतात का हो, साहेब?” मावशींनी विचारलं.

प्रार्थना आटोपून पाळकसाहेब उठायच्या बेतात होते, ते पुन्हा खुर्चीवर टेकले. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. आदल्या दिवशी माणसं असलं काहीबाही विचारतात, हे त्यांना ठाऊक होतं. वयाने ते मावशींच्या मुलाहूनही लहान, चर्चच्या मंडळीत नवीनच आलेले.

“ओळखतात म्हणजे काय, बघताक्षणी! सार्वकालिक जीवन म्हणजे नुसता उजेड आणि गाणी नव्हे, मावशी. आपली माणसं परत भेटतात. मास्तर तर दारातच उभे असतील, तुमची वाट बघत.”

मावशींनी चादरीचा काठ मुठीत घट्ट धरला. पाळकसाहेबांना वाटलं, बाईंना गहिवरून आलं. त्यांनी मावशींचा हात थोपटला आणि ते पलीकडच्या खाटेकडे वळले. तिथली म्हातारी नव्वदीला टेकलेली, पण मरायचं नाव काढत नव्हती. “साहेब, आणखी दहा वर्षं तेवढी मागून घ्या देवाकडे, पुढचं पुढे बघू,” असा तिचा सौदा चालला होता.

मुठीतली चादर मावशींच्या ओळखीची होती. याच दवाखान्याच्या लाँड्रीत त्यांचा जन्म गेला होता. रक्ताचा डाग गार पाण्यानेच निघतो, गरम पाणी लावलं की कायमचा बसतो, हे त्यांनी किती नव्या पोरींना शिकवलं असेल. ते ज्ञान त्यांना घरीही उपयोगी पडे, पण ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

मास्तर म्हणजे मावशींचे यजमान. शाळेत शिकवायचे, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसायचे. आवाज असा गोड, की त्यांनी प्रार्थना म्हटली की बायका डोळे पुसत. मावशींना कामावरून यायला उशीर झाला की ते दारात उभे असत. रस्त्याने जाणाऱ्यायेणाऱ्याशी हसून बोलत. मावशी आत आल्या की शांतपणे कडी लावत आणि खुंटीवरचा पट्टा काढत. दुसऱ्या दिवशी मावशी लांब बाह्यांचा ब्लाउज घालून कामावर जात.

मुलगा लहान होता तेव्हा रात्री त्या त्याची खाट आणि दार यांच्या मध्ये स्टूल टाकून बसत, हातात शिवायला काहीतरी घेऊन. मास्तर दरडावत, “इथे काय बसलीस?” त्या म्हणत, “इथे उजेड चांगला आहे.” मुलगा तोवर गाढ झोपलेला असे. निदान मावशींना तसं वाटे.

तो शिकायला हॉस्टेलवर गेला, तशी त्यांनी रात्रपाळी मागून घेतली. बरोबरीच्या बायका हळहळल्या. यांना काय ठाऊक, की रात्रभर धडधडणाऱ्या त्या मशीनपाशी ही बाई किती सुखात असते!

शेवटच्या आजारात मास्तरांनी सगळ्यांदेखत, स्वच्छ आवाजात देवाची माफी मागितली. मावशींची मागायची राहूनच गेली. तेव्हा ते तिकडे पोचले असणार, याबद्दल मावशींना शंका नव्हती. बाकीची माणसं ‘मेलो की सुटलो’ म्हणून मोकळी होतात. मावशींचा विश्वास पक्का, त्यांना तीही सोय नव्हती.

मुलगा डबा घेऊन आला. बस चालवतो, आडदांड गडी. स्टूल ओढून खाटेजवळ बसला.

“चार घास खाऊन घे, आई. आठनंतर काही देणार नाहीत.”

“मला त्यांच्याशेजारी नको ठेवूस.”

“काही होत नाही तुला. डॉक्टर काय म्हणाले?”

“नको ठेवूस म्हणते ना!”

त्याने डब्याचं झाकण परत लावलं. “अगं, कबरीच्या दगडावर नाव कोरलंय तुझं. बाबांच्या खालीच. लोक काय म्हणतील?”

“लोक गेले खड्ड्यात.”

आईच्या तोंडून असं काही त्याने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. मावशींनाही स्वतःच्या आवाजाचं नवल वाटलं. मग तो आवाज एकदम खाली आला.

“दगडाचं काय रे, नाव खरवडून टाकता येईल. पुढचं काय करू? मला फार भीती वाटते. इथे रात्रपाळी तरी होती. तिकडे म्हणे रात्रच नसते. मग मी जाऊ कुठे?”

मुलाने उठून म्हातारीजवळच्या पाळकसाहेबांना बोलावून आणलं.

“साहेब, खरं काय ते सांगा. तिथे नवरा-बायको परत नवरा-बायकोच असतात का?”

पाळकसाहेब अवघडले. उद्या ऑपरेशन असलेल्या बाईला हे कसं सांगावं, त्यांना कळेना. “मावशी, वाईट वाटून घेऊ नका. पण नाही. तिथे लग्नाचं नातं राहत नाही. कोणी कोणाचा नवरा नाही, कोणी कोणाची बायको नाही. सगळी देवाची लेकरं.”

“परत सांगा,” मावशी म्हणाल्या.

त्यांनी परत सांगितलं. मावशींनी डोळे मिटून ऐकलं. पाळकसाहेब मान खाली घालून निघून गेले, आपण एका म्हाताऱ्या बाईचं मन मोडलं असं समजून.

थोड्या वेळाने मावशींनी डोळे उघडले. वॉर्डाचं दार त्यांच्या खाटेच्या अगदी समोर होतं.

“नवरा नसतील,” त्या हळूच म्हणाल्या, “पण दारात तर उभे असतीलच ना?”

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली, माणसं निघाली. मुलाने स्टूल उचललं, खाट आणि दार यांच्या मध्ये ठेवलं आणि दाराकडे तोंड करून बसला.

“अहो, निघा आता,” सिस्टर म्हणाल्या. “थांबायचंच तर बाहेर बाकडं आहे, पंखा आहे.”

“नको सिस्टर. इथे उजेड चांगला आहे.”

सिस्टरनी त्याच्याकडे नीट बघितलं. त्याच्या हातात वाचायला काहीच नव्हतं. त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

मावशींना आता दार दिसत नव्हतं, त्याची रुंद पाठ तेवढी दिसत होती. त्यांनी मुठीतला चादरीचा काठ सोडला.