सगळ्या वर्गाने म्हटलेलं वाक्य

परदेशातल्या इस्पितळात नोकरी हवी तर तिथली भाषा यायला हवी, म्हणून चाळिशीला टेकलेली ती नर्स संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागली. शब्द रात्री पाठ व्हायचे आणि सकाळी डोक्यातून साफ पुसले जायचे. वर्गातल्या सरांनी उपाय सांगितला, सुटा शब्द घोकू नका, त्यावर स्वतःच्या घरातलं वाक्य करा. मग दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठव्या दिवशी ते पुन्हा म्हणा.

घरी उजळणी घ्यायला वडील होते. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला माणूस. तिने आपल्या लिपीत लिहून दिलेले परके शब्द ते चढणीवर गियर टाकल्यासारखे खरखरत वाचायचे. ती अडली की त्यांना कोण आनंद!

"अगं, मला येतंय आणि तुला नाही? माझंच तिकीट काढ."

एका मंगळवारी ती वॉर्डात दुसऱ्यांच्या जखमा बांधत होती, तेव्हा ते बाथरूममध्ये पडले. ती घरी पोचली तोवर सगळं आटोपलं होतं.

तिला रडू आलं नाही. माणसं यायची, पाठीवरून हात फिरवायची, "मोकळी हो गं," म्हणायची. ती मान हलवायची आणि कप विसळायला घ्यायची. नवव्या दिवशी ती वर्गाला गेली. घरी बसून भिंतीकडे बघायचं ते तिथे फळ्याकडे बघायचं, एवढंच.

सरांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी 'पडणे' हे क्रियापद दिलं आणि नेमकं तिलाच उठवलं. ती त्या भाषेत म्हणाली, "माझे वडील पडले. घरात कोणी नव्हतं."

"छान! पण फरशी ओली असेल तर 'घसरले' म्हणायचं. ओली होती का?"

"होती."

सरांनी दुरुस्त वाक्य फळ्यावर लिहिलं आणि चौदा जणांनी ते एका सुरात तीनदा म्हटलं. माझे वडील घसरले. घरात कोणी नव्हतं. तीही म्हणाली. कुठेही न अडखळता. त्या शब्दांना अजून तिच्या घराचा वास लागला नव्हता. तिने ते वहीत उतरवलं आणि क्रियापदाखाली रेघ ओढली.

धाकटा भाऊ जहाजावर कामाला. तो पोचला त्यानंतर दोन दिवसांनी. बूटही न काढता खुर्चीत बसला.

"ताई, नेमकं झालं काय?"

तिने आधी त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. मग तिने ते पाठ वाक्य त्याच परक्या भाषेत म्हटलं. पुढची वाक्यं आपोआप जुळत गेली. नळ चालू होता. शेजाऱ्यांनी दार फोडलं. मला फोन उशिरा लागला. क्रियापदाचा एकही काळ चुकला नाही.

भावाला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. तरी तो शेवटपर्यंत खाली मान घालून ऐकत राहिला.

"आता मला समजेल असं सांग ना."

"तसं नाही येत रे अजून," ती म्हणाली.

त्याने जास्त ताणलं नाही. उठून चहा टाकला.

परीक्षेत ती चांगल्या मार्कांनी पास झाली. नेमणुकीचं पत्र आलं, तारीख ठरली. भाऊ रजेवर आला आणि बॅगा भरू लागला.

"आनंद झालाय ना तुला?"

तिने खरोखरच थोडा वेळ विचार केला.

"माहीत नाही," ती म्हणाली. "तिकडे थंडी फार असते म्हणतात. ते जाड मोजे दे बघू इकडे."