नत्थुजीनं कुत्रं पारखलं

मूर्तिजापूरच्या पंचक्रोशीत बैल पारखावा तर नत्थुजीनंच, असं लोक म्हणत. सगळ्यात जास्त वेळा ते नत्थुजी स्वतःच म्हणे. जबडा उघडून दात पाहिले, पाठीवरचा केसांचा भोवरा चाचपला, की बैलाचं वय, वळण आणि नशीब तिन्ही सांगून हा मोकळा. अंदाज चुकला तर दोष बैलाचा.

त्या सालांत तिकडं अमेरिकेत कुठंशी लढाई पेटली होती आणि इकडं वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. नत्थुजीचा पटका दोन हातांनी लांब झाला आणि बैलांच्या गळ्यात नवे घुंगरू आले. पण घरात एक घोरही आला होता, तो म्हणजे धाकटी शकुन. थोरली दोन पोरं आपापली खेळत. या तीन वर्षांच्या पोरीला मात्र घुंगरांचा भारी नाद. रस्त्यानं कापसाची गाडी निघाली की ही तिच्या मागं. वेचणीच्या दिवसांत एकदा ती सापडली ती तिसऱ्या गावाला, कुणा अनोळखी माणसाच्या गाडीत, कापसावर गाढ झोपलेली.

त्या दिवसापासून तिच्या आईनं, जमुनेनं, पोरीच्या कमरेला एक दोरी बांधली आणि दुसरं टोक आपल्या कमरेला. शेतात, पाणवठ्यावर, चुलीपुढं, मायलेकी एकाच दाव्याला. झोपेतसुद्धा जमुना दचकून उठे आणि दोरी ओढून पाही. बाई अर्धी झाली होती.

"पोरीवर ध्यान ठेवाले एखादं कुत्रं आना," ती एक दिवस म्हणाली. "मले आता सोसत नाई."

"आनतो ना! असं आनतो का चोर शिवेवरूनच वापस गेला पायजे."

"चोराचं नाई म्हनून राहिली मी. पोरीचं म्हनून राहिली."

पण नत्थुजीच्या कानात चोरच शिरला होता.

अकोल्याला आगगाडी आली तसे बैलांच्या पाठीवर माल वाहणारे तांडे मोडले होते. बैलांना गिऱ्हाईक मिळालं. कुत्र्यांना कोण विचारतो? ती बिचारी मोर्णा नदीच्या काठानं भटकत राहिली. तिथं माणिकबाई माळीण आपल्या वांग्याच्या वाडीत त्यांना भाकरी घाली आणि घर चांगलं दिसलं तर एखादं देऊन टाकी. नत्थुजी कापूस विकायला अकोल्याला आला, आणि कापूस विकून गाडीत सगळं बिऱ्हाड घेऊन तिच्याच वाडीवर धडकला.

माणिकबाईनं पाहुण्यांना बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि उपवर पोरीच्या बापासारखी चौकशी आरंभली.

"घरी मानसं किती?"

"पाच," नत्थुजी म्हणाला.

"कुत्र्याले खायले कोन घालन?"

"मी," जमुना म्हणाली. "आमी खातो तेच."

"मालकाले राग येते काय?"

"मले? कदीच नाई!" नत्थुजी ओरडला.

माणिकबाईनं जमुनेकडं पाहिलं. जमुनेनं पदर तोंडाला लावला. पोरं खो खो हसली.

कुत्र्यासाठी एवढी हांजी हांजी नत्थुजीला झेपेना. त्यानं बाजारची रीत काढली. खांद्यावरचं उपरणं हातावर टाकलं आणि बोटं धरून भाव ठरवायला हात पुढं केला. माणिकबाईनं उपरण्याखाली हात घातला आणि त्याच्या मुठीत एक वांगं ठेवलं.

"इथं भाव नाई होत, भाऊ. भाजी करून खा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

एक भुरी कुत्री आल्यापासून त्यांच्या गाडीखाली येऊन बसली होती. नत्थुजीनं आधी तिचा जबडा उघडला. "दात झिजले. आन् पाठीवरचा हा भोवरा पाहा, मालकाले खाते असा भोवरा!" भुरी बाद झाली. मग त्याची नजर एका दांडग्या काळ्या कुत्र्यावर गेली. छाती भरलेली, पाय सरळ, भोवरा निर्दोष. फक्त दात बघायचे राहिले.

"तू याचं डोकं धर," त्यानं जमुनेला सांगितलं.

"आन् पोरगी?"

"दे ती दोरी माह्याजवळ. मी बाप हावो तिचा!"

जमुनेनं कमरेची गाठ सोडली, पण दोरी देताना तिचा हात अडखळला.

आता जबडा उघडायला दोन्ही हात लागतात. दोरी त्यानं कुठं ठेवली ते पुढं जन्मभर त्याला आठवलं नाही.

"चौदाती! ऐन जवानीतला!" तो आनंदानं ओरडला. काळ्यानं तेवढ्यात त्याच्या पटक्याचं टोक चघळायला घेतलं.

"शकुन कुठी हाय?" जमुनेनं विचारलं.

वाडीबाहेरच्या रस्त्यावर घुंगरं वाजत होती. नत्थुजी काळ्याला सोडून उठला. तो धावला तेव्हा रस्ताभर गाड्याच गाड्या, चाकांना चाकं घासत होती आणि धुळीत हातभरापलीकडचं दिसत नव्हतं. पोरीला हाका मारत तो गाड्यांमधून घुसला. पोरगी चाकाखाली आली असेल, एवढंच त्याच्या मनात येत होतं.

आणि धुळीतून शकुन आली. रागानं लाल, भोकाड पसरलेली, दोरी मागं फरफटत. तिच्या मागं भुरी. पोरगी डावीकडं वळली की भुरी डावीकडं आडवी, उजवीकडं वळली की उजवीकडं. थांबली की पाठीला नाकानं ढुशी. भुंकणं नाही, चावणं नाही.

"तांड्यातून बैल फुटला का अशीच वळवून आने ती," माणिकबाई म्हणाली. "जल्मभर तेच काम केलं तिनं."

नत्थुजीनं कुत्रीला बैल समजून पारखलं होतं. कुत्रीनं त्याच्या लेकीला वासरू समजून वळवून आणलं. तो धुळीतच बसला, पोरीला पोटाशी धरलं आणि सगळ्यांदेखत रडला.

बऱ्याच वेळानं जमुनेनं विचारलं, "आन् भोवऱ्याचं काय?"

"कोनता भोवरा?" डोळे पुसत नत्थुजी म्हणाला.

गाडी घराकडं निघाली, भुरी गाडीखालून चालू लागली. वाटेत ओळखीचा गाडीवान दिसला. बाजारात कापसाला केवढा भाव मिळाला ते त्याला सांगायला नत्थुजीनं खाली उडी मारली. चार पावलं गेला नाही तोच भुरी पुढं आडवी.

"अवं, मी मालक हावो!"

भुरीला असं काही कुणी सांगितलेलं नव्हतं. तिनं ढुशी देत त्याला गाडीशी आणून सोडलं. पोरं हसून हसून लोळली. नत्थुजी रागानं काही बोलणार होता, तेवढ्यात त्याचं गाडीत लक्ष गेलं आणि तो हळूच गाडीवर चढला. शकुन आपल्या जागी बसून एकटीच माणिकबाईच्या वांग्याशी खेळत होती. दोरी कोपऱ्यात पडली होती. आणि जमुना भर उन्हात, तोंड उघडं टाकून, घोरत होती.