मोडलेल्या मशीनचा मालक

हातगाडीचं चाक गटाराच्या कडेला अडकलं आणि नवंकोरं शिलाई मशीन आमच्या टक्केवारीच्या पायाशी येऊन आपटलं. टक्केवारी म्हणजे आमच्या दैनिकाच्या अर्थपानावर माझ्यासोबत काम करणारा वार्ताहर. लग्नाच्या शुभेच्छाही तो टक्क्यांत द्यायचा. त्याच सकाळी त्याची बातमी पहिल्या पानावर झळकली होती: इस्लामी तत्त्वावर चालणारी बिनव्याजी पतसंस्था वस्तू विकत घेते आणि सभासदाला हप्त्यांवर जास्त किमतीला विकते, जोखीम शून्य, म्हणजे हे व्याजच, फक्त टोपणनावाने. संस्थेत कुणाला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. आता साहेबांनी, म्हणजे संपादकांनी, त्याला फोटोसाठी धाडलं होतं.

मशीन जिच्यासाठी आलं होतं ती शिवणकाम करणारी बाई संस्थेच्या दारातच मटकन बसली. मोडक्या मशीनचे हप्ते भरायचे आता, असं काहीसं पुटपुटली. संस्थेचे चिटणीस चष्मा पुसत बाहेर आले.

“ताई, मशीन तुमच्या ताब्यात आलंच नव्हतं. मोडलं ते आमचं. दुसरं आणतो.”

टक्केवारीने विचारलं, मग वरचा नफा कशाचा? चिटणीस म्हणाले, ह्याचाच. आणि वाकून सुटे भाग गोळा करू लागले. बातमी त्यांनी वाचली होती. तिचा विषयही काढला नाही.

ऑफिसात परतला तो भारल्यासारखा. बातमीची दुरुस्ती पहिल्याच पानावर आणि आपल्या नावानिशी हवी, म्हणाला. सोमवारी त्याला अर्थपानाचं प्रमुखपद मिळायचं होतं. साहेबांनी समजावलं, की चुका कबूल करायला आपल्याकडे आतली जागा आहे, हरवलं-सापडलंच्या खाली. आणि नाव तर कुणीच देत नाही. मग प्रमुखपदाची आठवणही करून दिली.

“नफा जास्त की कमी, त्यावर भांडता येईल, साहेब. पण ते जोखीम घेत नाहीत, हे मी न बघता लिहिलं. मोडकी बातमी माझ्या हातून गेली. नुकसान माझं.”

इतकं बोलून त्यात एकही आकडा नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं. साहेबांनी त्याच्याकडे न बघता होकारार्थी मान हलवली.

दुरुस्ती छापून आली, त्याला हवी तिथेच. सोमवारी प्रमुखपद मला मिळालं. अभिनंदनाला सगळ्यांत आधी तोच आला. मी उठून उभा राहिलो. तो गेल्यावरही बराच वेळ मला बसायचं सुचलं नाही.