देठाची साक्ष

"आधी देठ चाख बाई, मंग लवकी पावशीले ने,
वेल कोनाची सगी नाही, जिभीची साक्ष घे."

नवी नवरी असताना सासूच्या तोंडून ऐकलेली ही ओळ. सासूला जाऊन जमाना लोटला, पण दुधी हातात आला की तो आवाज अजून इंदूबाईच्या कानाशी येऊन बसे. कडू दुधी पोटात गेला तर धडधाकट माणूस आडवा होतो. म्हणून पांढरकवड्याजवळच्या त्या वस्तीत कोणाचंही जेवण असो, देठाजवळची चकती आधी इंदूबाईच्या जिभेवर येई. "गोड हाय, चिरा," ती म्हणाली की मगच पावशी, म्हणजे विळी, चाले.

आखाडात तिला ताप आला. ताप उतरला आणि जाताना जीभ घेऊन गेला. मीठ कळेना, मिरची नुसती भाजे, कडू-गोड सारखंच पाणी. ती कोणाशी बोलली नाही. बोलली असती तर घरात तिचं उरलं काय असतं?

त्यात मागच्या साली शेजारच्या धावजीने सुकवून तुंबे करायला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, कडू दुधीचा वेल लावला होता. दुधीची पांढरी फुलं दिवेलागणीला उमलतात, पतंग या वेलाचे पराग त्या वेलावर नेतात आणि कडूपण बियात उतरतं. त्याच सालचं बी यंदा परसात उगवलेलं. आणि लेक ममता बाळंतपणाला माहेरी, तान्ह्याला पाजणारी. इंदूबाई रोज वेलांच्या मांडवाखाली जाई आणि रिकाम्या हाताने परत येई.

"काहून तोडत नाही व माय?" ममता विचारी.

"कवळी हाय अजून."

त्या सकाळी कृषी कॉलेजची प्रेरणा टेप घेऊन आली. परसात तीन जातींचे वेल होते, ती दर खेपेला त्यांची वाढ मोजे. लांबोडी टिनाच्या छपरावर चढून शेजारच्या घरात डोकावत होती. चंबू मधोमध. गोल मात्र मांडवाच्या खांबाशीच रेंगाळलेली.

"मावशी, मागच्या वेळी तुमचे दुधी नेऊन कॉलेजात तपासले ना? लांबोडी भराभर वाढते, पण पाणचट. ही गोल आळशी दिसते, पण कस हिच्यातच जास्त निघाला. ममताताईला हीच द्या."

"कडूपण निघते का व त्या तपासणीत?"

"ते नव्हतं तपासलं, मावशी. ते तुम्हीच सांगायचं."

तेवढ्यात सून शीलाने गोल दुधी तोडलाही. देठाची चकती कापून तिने सासूपुढे धरली. "घ्या आत्याबाई, द्या साक्ष."

इंदूबाईने चकती तोंडात टाकली. गार लागली. बाकी काही नाही. दारात ममता बाळाला थोपटत उभी होती. "गोड हाय" हे दोन शब्द ओठांपर्यंत आले, पण बाळाकडे नजर गेली आणि ते तिथेच अडले.

"तू चाख," ती शीलाला म्हणाली.

"म्या? तुमी असताना?"

"चाख म्हणते ना!"

शीलाने चावलं. इंदूबाई तिच्या कपाळाकडे, ओठांकडे, गळ्याकडे पाहत राहिली. आठी पडली नाही. शीलाने दुसरा तुकडा आपणहून उचलला.

"गोड हाय, आत्याबाई! काकडीवानी." मग लांबोडी चाखली, चंबू चाखला. तिन्ही गोड.

इंदूबाईने ओट्यावर बसकण मारली. कापसाचं गाठोडं डोक्यावरून उतरावं तसं अंग हलकं झालं.

"मले वाटलं तुमी माही परीक्षाच घेऊन राह्यल्या," शीला हसली.

चांगली सबब आयती चालून आली होती. इंदूबाईही हसली. चुलीवर फोडणी चुरचुरली. वास तिला आला नाही, आवाज आला, तोही गोड वाटला.

इतक्यात धावजीची बायको रामीबाई पदराखाली दुधी घेऊन दारात. "इंदूबाई, पाहुने आले व. जरा चाखून दे, तुया जिभीबिगर आमच्या घरी पावशी चालत नाही."

इंदूबाईने दुधी घेतला, क्षणभर मांडीवर धरला आणि शीलाच्या हातात दिला.

"आता हिलेच देत जा, रामी. तापानं माही जीभ नेली व. आखाडापासून मले कायचीच चव नाही."